शीर्षकांची पेटी

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि हसत हसत माझं नाक कापलं.

त्यांचं म्हणणं असं, की गेली बावीस वर्षं आपल्या प्रकाशनात शीर्षकांची अडचण आली की जो तो उठून माझ्या टेबलाशी येतो. आम्ही इंग्रजी पुस्तकं काढतो. मजकुरात कुठल्या पुस्तकाचं नाव आलं तर ते तिरप्या टाइपात घालायचं की अवतरणचिन्हांत, त्यातल्या कुठल्या शब्दाला कॅपिटल द्यायचं आणि कुठला बारका शब्द स्मॉलच ठेवायचा, कविता असेल तर काय, जहाजाचं नाव असेल तर काय, हे सगळं माझ्या लाकडी पेटीतल्या कार्डांवर लिहिलेलं आहे. एका अडचणीला एक कार्ड. कोणी विचारलं की मी पेटी उघडते, कार्ड काढते, सांगते. साहेब म्हणाले, "हे असं किती दिवस चालणार? एक छापील पुस्तिका करून टाकू. प्रत्येकाच्या टेबलावर एक. म्हणजे यांनाही त्रास नको."

मला त्रास होतो हे यांना सांगितलं कोणी? दिवसातून पाच-सहा वेळा कोणी तरी येऊन "जरा सांगता का?" म्हणतं, तेवढ्यासाठी तर मी सकाळी उठते.

बरं, पुस्तिका करायचीच तर कोणी करावी? ते काम दिलं माझ्या भावजयीला. धाकट्याची बायको. चौदा महिन्यांपूर्वी धाकट्याची नोकरी गेली तेव्हा साहेबांपुढे तोंड वेंगाडून तिला इथे चिकटवून घेणारी मीच. अजून कायमसुद्धा झालेली नाही. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ती भराभर टाइप करते. तुम्ही फक्त तुमची कार्डं तिला द्या."

फक्त! मी "हो, देते की" म्हटलं आणि गाल दुखेपर्यंत हसत राहिले. ती माझ्याकडे पाहून असं काही लाजत होती, जणू तिचं बक्षीस मीच जाहीर केलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मी वरच्या मजल्यावर एका खोलीत राहते. खाली धाकटा, त्याची बायको आणि आई. संध्याकाळचं जेवण मी खालीच घेते. आज ताटावर बसल्या बसल्या आई सुरू झाली. "गुणाची हो माझी पोर. वर्ष नाही झालं धड, तर एवढं मोठं काम दिलं साहेबांनी."

वर्ष होऊन गेलंय, हे मी सांगितलं. आईनं ऐकलं नाही. मी पहिला पगार आणून हातावर ठेवला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं. आता येताना बटाटे आण." मी गुणाची कधी नव्हतेच. मी आपली येताना बटाटे आणणारी.

म्हणून आजपासून या वहीत मी तिला गुणाचीच म्हणणार. गुणाचीनं मला दुसऱ्यांदा वाढलं, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि हळूच विचारलं, "ताई, पेटी कधी मिळेल?" मी म्हटलं, कार्डं विस्कटलीत, नीट लावून देते, आठ-दहा दिवस तरी लागतील. "लागू देत की," ती म्हणाली. "तुमच्या सवडीनं."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

प्रुफं तपासणाऱ्या बाई आज हातात कागद घेऊन माझ्या टेबलावरून सरळ पुढे गेल्या. थांबल्या त्या गुणाचीपाशी. एका जहाजाचं नाव आलं होतं. कसं लिहायचं म्हणून विचारलं. तिनं मान वरही न करता सांगितलं, "तिरपं करा. ताईंच्या कार्डावर तसंच आहे."

आता गंमत अशी, की पेटी अजून माझ्याकडेच आहे. तिनं ते कार्ड डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. म्हणजे चौदा महिने मी लोकांना जे सांगत होते ते ही शेजारी बसून कान टवकारून ऐकत होती आणि पाठ करत होती. माझ्याच ताटातलं उचलून लोकांना वाढते, आणि वर नाव माझंच घेते, म्हणजे मला बोलायलाही जागा नको.

बाईंनी जाताना माझ्याकडे पाहून मान हलवली. मी खूप कामात असल्यासारखं केलं. काम काही नव्हतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

रजा टाकली. पेटी घरी आणली होती, ती घेऊन बसले. दोनशे बारा कार्डं. काहींचे कोपरे गेलेत, काहींवर चहा सांडलाय. अशी जुनाट झाली की मी ती कोऱ्या कार्डावर उतरवते आणि जुनी फाडून टाकते. हे मी वर्षानुवर्षं करत आलेय. कोरी कार्डं एकाच गठ्ठ्यातली, शाई तीच, अक्षर तेच. कुठलं कधीचं ते माझं मलाही सांगता येणार नाही.

एकेक कार्ड म्हणजे एकेक भांडण आहे. एका कवीशी मी तीन आठवडे पत्रांतून वाद घातला तेव्हा कुठे एक कार्ड झालं. पुस्तकातल्या एका प्रकरणाचं नाव तिरपं नाही तर अवतरणचिन्हांतच, एवढ्यासाठी साहेबांच्या आधीच्या साहेबांनी मला हट्टी म्हटलं होतं, आणि महिन्यानं येऊन चूक कबूल केली होती. आणि हे सगळं आता ही बसून टाइप करणार. माझी बावीस वर्षं, हिच्या चार दुपारी.

तर उतरवता उतरवता चित्रांचं कार्ड आलं. चित्राचं शीर्षक पुस्तकासारखंच तिरपं लिहावं, असं जुन्यावर होतं. मी नव्यावर लिहिलं, चित्राचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालावं.

ठरवून केलं का? खरं सांगायचं तर ठरवलं नव्हतं, पण हात चुकलाही नव्हता. लिहून झाल्यावर कार्ड लांब धरून पाहिलं. माझंच वळणदार अक्षर. अगदी खरं वाटत होतं. जुनं कार्ड फाडून टाकलं आणि उठून चहा केला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज पुन्हा रजा. ताप आहे म्हणून कळवलं.

पुस्तकाएवढी लांब कविता असेल तर तिचं नाव तिरपं हवं, मी ते अवतरणचिन्हांत ढकललं. शीर्षकातला शेवटचा शब्द कितीही बारका असला तरी त्याला कॅपिटल हवं, मी तो स्मॉल ठेवायला सांगितलं. मग हातच बसला.

पुढचं मला डोळ्यांपुढे दिसतंय. पुस्तिका छापून येईल, तिच्यावर गुणाचीचं नाव झळकेल. सहा महिन्यांत कोणी तरी जाणकार लेखक साहेबांना खरमरीत पत्र लिहील. साहेब पत्र घेऊन माझ्या टेबलाशी येतील आणि म्हणतील, "तुम्ही एकदा नजरेखालून घातलं असतंत तर बरं झालं असतं." मी म्हणेन, "मला कोणी विचारलं?" इथपर्यंत मी घोकून ठेवलंय. कार्डं पाहायला कोण मागणार? छापलेलं पुस्तक हातात असताना कार्डाकडे बघतंय कोण?

हे वाईट आहे हे मला कळतं. पण पोटात दुखतं त्याला मी काय करू? सगळे मला समजूतदार म्हणतात. समजूतदार माणसाच्या पुढ्यातलं काहीही उचललं तरी तो ओरडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गुणाची संध्याकाळी वर आली. कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप उतरलाय वाटतं." गरम पाण्याची पिशवी ठेवून गेली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पेटी दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली आणि टेबलावरचं सगळं बाजूला सारून मधोमध ठेवली. मग वही काढून म्हणते, "ताई, तुम्ही इथे नेमक्या कुठल्या महिन्यात लागलात?"

सांगितलं.

"आणि तुमचं पूर्ण नाव इंग्रजीत कसं लिहिता? मधलं नाव सबंध की नुसतं अक्षर?"

"कशाला हवंय?"

"असंच," म्हणाली आणि कान लाल झाले तिचे. खोटं बोलता येत नाही बयेला.

मी टेबलाशी येऊन बसले तेव्हा लख्ख उजेड पडला. निरोप समारंभ! पेटी गेली, आता पेटीवालीलाही पोचवायचं. कायम होण्याआधी ही माझी खुर्ची मोजून बघतेय. बरं झालं मी हातचं राखून काही ठेवलं नाही, उलट पदरचं घालून दिलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दुपारी गुणाची साहेबांच्या काचेच्या खोलीत तासभर होती. दार बंद. टेबलावर माझी कार्डं पसरलेली. ऐकू काहीच येत नव्हतं, पण साहेब एका कार्डावर बोट आपटत होते आणि ती मान हलवून नाही नाही म्हणत होती. शेवटी साहेबांनी हात वर केले.

बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. पाणी प्यायली, पुन्हा टाइप करायला बसली. चांगलीच कानउघाडणी झालेली दिसते. आज जेवण मला कधी नव्हे इतकं गोड लागलं, आणि घरी दोन घास जास्तच गेले. आई म्हणाली, "तुला ताप मानवला."

बुधवार, १९ फेब्रुवारी

धाकटा सकाळी वर आला. हा बिनकामाचा कधी जिना चढत नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "ताई, ऑफिसात काही झालंय का? तिचं कायम करायचं पत्र पुढच्या महिन्यात यायचंय. काल काही तरी बोलून आलीय साहेबांना. विचारलं तर म्हणते, काही नाही."

मी म्हटलं, मला काय माहीत.

"तिची ही नोकरी गेली ना, तर…" एवढंच बोलून तो थांबला. माझा काठीसारखा उंच पोर म्हणून आई याचं कौतुक करायची, आज मात्र तो दारात अर्धाच दिसत होता. वर्षभर घरी बसून माणूस असा आखडतो. मी त्याला चहा विचारला. नको म्हणाला.

माझी काय चूक आहे? मी तिला साहेबांशी वाद घालायला पाठवलं नव्हतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आईनं माझा एक फोटो मागितला. "चांगला दे, नेहमीसारखा तोंड पाडलेला नको. सूनबाईला हवाय." निरोपाच्या पत्रिकेवर घालणार असणार. मी बारा वर्षांपूर्वीचा दिला. जाता जाता सुंदर दिसलेलं काय वाईट?

संध्याकाळी गुणाची स्वतः वर आली. खुर्चीच्या कडेवर बसली. हातात चित्रांचं कार्ड.

"ताई, एक विचारू? रागावू नका. चित्रांच्या शीर्षकाचं हे… बरोबर आहे ना?"

मला वाटलं, हिला साहेबांनी झापलंय आणि आता खापर फोडायला ही माझं डोकं शोधतेय. मी तिच्याकडे रोखून पाहिलं. "कार्डावर काय लिहिलंय?"

"अवतरणचिन्हांत."

"अक्षर कोणाचं आहे?"

"तुमचं."

"मग?"

तिचा चेहरा असा काही खुलला, की मला दुसरीकडे पाहावं लागलं. "तेच!" ती म्हणाली. "तेच म्हटलं मी. उगीच विचारलं." जाताना तिनं माझी वाळत घातलेली साडी घडी करून ठेवली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. पोटात दुखतंय, खरोखरचं. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी, मनाला काही लावून घेऊ नका. मी म्हटलं, मी कशाला लावून घेईन? त्यांनी गोळ्या दिल्या.

पेटी परत आली आहे. तिनं सगळी कार्डं क्रमानं लावलीत आणि झाकणाची सैल झालेली बिजागरी बसवून घेतलीय. कोणी विचारायला येत नाही. पुस्तिका येणारच आहे म्हणून सगळे थांबलेत.

गुरुवार, ६ मार्च



पुस्तिकेची शेवटची प्रुफं आज तिच्या टेबलावर आली. ती जेवायला गेल्यावर मी उठून पाहिली. पहिल्या पानावर माझं नाव. एकटीचं. मधलं नाव सबंध, मी सांगितलं होतं तसं. पुढच्या पानावर माझा बारा वर्षांपूर्वीचा फोटो, खाली मी इथे लागले तो महिना आणि वर्ष. पानं उलटत गेले, पण तिचं नाव कुठेच नाही. शेवटी प्रास्ताविकाखाली बारीक टाइपात फक्त 'टंकलेखन' म्हणून आहे. प्रास्ताविक इंग्रजीत आहे, पण अर्थ असा: यातला एकही नियम माझा नाही. मी चौदा महिने यांच्या शेजारी बसले आणि ऐकलं. एखादा माणूस इतक्या लहान गोष्टी इतक्या प्रेमानं सांभाळू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

मी तिथेच उभी होते तेव्हा डीटीपीवाले आले. म्हणाले, "पाहिलंत का? तुमच्यापासून लपवायचं होतं, सोमवारी छापायला जाईपर्यंत. तुमच्या भावजयीनं काय भांडण केलं साहेबांशी!"

"कशावरून?"

"दोन-तीन नियमांवरून. मी पानं घेऊन खोलीतच होतो. साहेब म्हणत होते, चित्रांचं हे चुकीचं वाटतंय, बाकीचे प्रकाशक असं करत नाहीत, बदला. या म्हणाल्या, ताईंनी लिहिलंय ना, मग त्यामागे काही तरी असणार. बावीस वर्षांत त्यांचं एक चुकलेलं दाखवा. आणि हे चुकीचं निघालं तर मला कायम करू नका. साहेबांनी हातच टेकले."

मी "अच्छा" म्हटलं. टेबलाशी येऊन बसले. ती जेवून आली आणि प्रुफं घाईघाईनं खणात सरकवताना माझ्याकडे चोरून पाहून हसली.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळपासून एकच हिशेब. गप्प बसले तर सोमवारी माझे खोटे नियम माझ्याच नावानं, माझ्याच फोटोखाली छापले जातील. माझं हसं होईल ते होईल. पण तिची नोकरी तिनं माझ्या अक्षरावर लावून ठेवली आहे.

सांगून टाकावं, तर कुठल्या तोंडानं?

दुपारी युक्ती सुचली. ती साहेबांकडे गेली तेव्हा खण उघडून प्रुफं घेतली, वरच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसले. गुपचूप दुरुस्त करायचं, शेवटच्या क्षणी माझ्या लक्षात आलं म्हणायचं, सगळ्यांची अब्रू राखायची. चित्रं सापडली, लांब कविता सापडली, शेवटचा शब्द सापडला. पेन्सिलनं खुणा केल्या.

मग थांबले. तीनच होती का?

त्या मंगळवारी मी या वहीत लिहिलंय, 'मग हातच बसला.' पुढे काय केलं ते लिहिलेलं नाही. चार होती असं वाटतं. पाचही असतील. मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. भाषणाचं शीर्षक, न छापलेल्या प्रबंधाचं, शिल्पाचं, मालिकेतल्या एका भागाचं, शीर्षकाच्या पोटात दुसरं शीर्षक आलं तर. प्रत्येक नियम वाचला की खरा वाटतो, आणि पुन्हा वाचला की मीच घातलेला वाटतो. त्यातले कितीक तर आमच्या प्रकाशनापुरते, मीच भांडून ठरवलेले. बाहेर कोणाला विचारून कळायचे नाहीत. जुनी कार्डं मी फाडून टाकली आहेत. पेटीतल्या कार्डांवर सगळीकडे तेच अक्षर, तीच शाई.

खुणा खोडून टाकल्या. प्रुफं परत ठेवली.

शनिवार, ८ मार्च

आज सुट्टी. सकाळी खाली गेले. धाकटा बाहेर गेला होता. आई आतल्या खोलीत होती. भावजय ओट्यापाशी कांदा चिरत होती.

मी उभ्या उभ्या सांगितलं. चित्रांचं कार्ड, कवितेचं कार्ड, शेवटच्या शब्दाचं कार्ड. मुद्दाम लिहिलं म्हणून सांगितलं. का, तेही सांगितलं. "तुला काम दिलं ते मला बघवलं नाही. आई तुला गुणाची म्हणते ते ऐकवत नाही." एवढं वाकून मी जन्मात कधी कोणाशी बोलले नव्हते. मला वाटलं ती रडेल. नाही तर ओरडेल तरी.

तिनं सुरी खाली ठेवली. "मी वर येऊन विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"अक्षर कोणाचं आहे, म्हणालात."

"हो."

तिनं नळाखाली हात धुतले. बराच वेळ धूत होती. मग पदराला पुसत विचारलं, "तीनच आहेत?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं. मी म्हटलं, "आठवत नाही. चौथं असावं. पाचवंही असेल. मला सापडत नाही."

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर मला बरं वाटलं असतं. दुकानदार नाणं खरं की खोटं म्हणून निरखतो, तसं ती पाहत होती.

"साहेबांना सोमवारी सांगते की छपाई थांबवा," ती म्हणाली. "का थांबवायची ते तुम्ही सांगा."

"सांगेन. तुझं कायम व्हायचं पत्र…"

"ते माझं मी बघेन." तिनं चपला घातल्या. "चला. ऑफिसची किल्ली माझ्याकडे आहे. कपाटात आपली सगळी पुस्तकं आहेत. एकेक कार्ड पडताळून पाहू."

"आणि नाव? नाव काढून टाक माझं."

"नाव कशाला काढायचं? कार्डं तुमचीच आहेत ना?"

आई आतून म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कुठे निघालात दोघी?" ती म्हणाली, "ताईंना थोडं काम आहे."

ऑफिसात तिनं खिडक्या उघडल्या, माझ्या टेबलावरची पेटी उचलून आपल्या टेबलावर ठेवली आणि माझ्यासाठी समोर खुर्ची ओढली. पाहुण्याला ओढतात तशी. झाकण उघडून तिनं पहिलं कार्ड काढलं. त्यावर एकच ओळ आहे, मी पहिल्याच आठवड्यात लिहिलेली: शीर्षकातला पहिला शब्द कॅपिटल अक्षरानं सुरू होतो. शाळेत इंग्रजीची पहिली चोपडी उघडलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

तिनं ते वाचलं आणि कार्ड माझ्यासमोर धरलं. "हे बरोबर आहे?"

मला वाटलं थट्टा करतेय. हसू आलं मला. "अगं, हे तर बरोबरच आहे!"

ती उठली, कपाटापाशी गेली, एक पुस्तक काढलं आणि उघडून पाहिलं. मग दुसरं काढलं.